कोरियांतील एका तालुक्याचा पाऊस

एखाद्या देशांत वर्षाकांठीं किती पाऊस पडतो, हें भूगोलाच्या पुस्तकांत एका आंकड्यानें सांगितलेलें असतें. तो आंकडा खोटा नसतो. परंतु शेतकऱ्याच्या फारसा उपयोगाचाहि नसतो. वर्षाचा पाऊस भरपूर पडूनहि दुष्काळ येऊं शकतो, आणि सरासरीहून कमी पडूनहि घरांत धान्य येऊं शकतें. कारण पीक आंकड्यावर येत नाहीं, तें तिथीवर येतें. पेरणीच्या आठवड्यांत आलेला चार बोटें पाऊस आणि कापणीच्या आठवड्यांत आलेला चार बोटें पाऊस यांचें माप एकच, पण फळ अगदीं निराळें. महाराष्ट्रांतील श्रोत्यांस ही गोष्ट नवी नाहीं. परंतु आशिया खंडाच्या पूर्व टोंकास असलेल्या कोरिया देशांत एका राज्यानें पावणेसहाशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं या गोष्टीचा विचार केला व तालुक्यातालुक्याचा पाऊस मोजण्याची आज्ञा काढली. त्या मोजमापाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो समजून घेण्यासाठीं तेथील एखाद्या तालुक्याच्या हवापाण्यापासून आरंभ करणें सोयीचें होईल.

असा एक तालुका म्हणजे यांगप्योंग. राजधानी सोल हिच्या पूर्वेस, हान नदीच्या खोऱ्यांत तो वसला आहे. क्षेत्रफळ सुमारें ८७७ चौरस किलोमीटर, म्हणजे खुद्द राजधानीहूनहि अधिक. पण त्यांत सपाट जमीन थोडी व डोंगर फार. उत्तर हान व दक्षिण हान या दोन नद्या तालुक्याच्या पश्चिम टोंकास एकमेकींस मिळतात. त्या संगमास तेथील लोक ‘दुमुलमोरी’, म्हणजे दोन पाण्यांचें मस्तक, असें म्हणतात. तालुक्यांत योंगमुन नांवाचा ११५७ मीटर उंचीचा पर्वत आहे व त्याच्या कुशींतील बौद्ध मठापुढें एक प्रचंड गिंको वृक्ष उभा आहे. त्याचें वय अकराशें वर्षांच्या आसपास असावें असा अंदाज करितात. पंधराव्या शतकांत सेजोंग राजानें या झाडास दरबारी मानकऱ्याची पदवी दिली होती, अशी तेथें आख्यायिका आहे. जोसोन राजवटींत, म्हणजे १३९२ पासून १९१० पर्यंतच्या काळांतील बहुतेक वर्षें, या प्रदेशाचे यांगगुन व जीप्योंग असे दोन तालुके होते. १९०८ सालीं ते एक करण्यांत आले व दोहोंच्या नांवांतील एकेक अक्षर घेऊन यांगप्योंग हें नवें नांव बनलें.

या खोऱ्याचें हवामान किती टोंकाचें आहे, हें दोन नोंदींवरून ध्यानांत येईल. ५ जानेवारी १९८१ या दिवशीं यांगप्योंग येथें तपमान शून्याखालीं ३२.६ अंशांपर्यंत उतरलें. दक्षिण कोरियाच्या सरकारी वेधस्थानांतील ती सर्वांत थंड नोंद होय. पुढें १ ऑगस्ट २०१८ रोजीं लगतच्याच होंगचोन तालुक्यांत ४१ अंश उष्मा नोंदला गेला, व तो तोंवरच्या उष्णतेचा उच्चांक ठरला. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत त्र्याहत्तर अंशांहून अधिक अंतर! याचें कारण भूमीच्या घडणींत आहे. चहूंकडून डोंगरांनीं वेढलेल्या खोलगट जागेंत हिंवाळ्यांतील जड, थंड वारा रात्रीं उतरून सांचतो, आणि उन्हाळ्यांत तापलेल्या हवेस बाहेर जाण्यास वाट सांपडत नाहीं. समुद्र फार दूर नाहीं. परंतु थंडीच्या दिवसांत वारा वाहतो तो समुद्रावरून नव्हे, तर सैबेरियाच्या गोठलेल्या पठारांवरून.

कोरियांतील जुना शेतकरी वर्षाचे चोवीस भाग करी. सूर्याच्या गतीवरून ठरविलेलीं हीं चोवीस पर्वें चीनकडून आलेलीं होत, व त्यांचीं नांवें शेताच्या कामांशीं निगडित झालेलीं आहेत. जानेवारीच्या आरंभीं ‘सोहान’ म्हणजे लहान थंडी, व पंधरवड्यानें ‘देहान’ म्हणजे मोठी थंडी. पण कोरियांत बहुधा लहान थंडीच अधिक कडक असते. म्हणून तेथील म्हण अशी कीं, मोठी थंडी लहान थंडीच्या घरीं पाहुणी गेली आणि गारठून मेली. यांगप्योंगचा १९८१ चा तो नीचांकहि सोहानच्याच दिवशींचा आहे. ही थंडी एकसारखी राहत नाहीं. तीन दिवस कडाका व चार दिवस सौम्य, असा तिचा पाळीपाळीचा क्रम जुन्या लोकांनीं सांगून ठेविला आहे. मार्चमध्यें ऊन उबदार होतें न होतें तोंच पुन्हां एकवार गारठा परततो. त्याला कोरियन भाषेंत ‘फुलांचा मत्सर करणारी थंडी’ असें गोड नांव आहे.

परंतु शेतकऱ्यास खरें भय थंडीचें नसे, वसंताचें असे. आपल्याकडे वसंत म्हटला म्हणजे मोहर आणि कोकिळा आठवतात. कोरियांतील वसंत कोरडा असतो. गोबीच्या वाळवंटांतून पिंवळी धूळ येऊन आकाश झांकोळतें. राज्याच्या जुन्या बखरींतहि ‘मातीचा पाऊस पडला’ अशा नोंदी आहेत. मागील शरदांत कोठारांत आलेला तांदूळ संपत येतो आणि शेतांतील जव अद्याप हिरवा असतो. या मधल्या उपाशी दिवसांस ‘बोरित-गोगे’ म्हणत. त्याचा अर्थ ‘जवाची खिंड’. डोंगर चढून खिंड ओलांडावी तसे ते आठवडे ओलांडावयाचे असत; कंद, पाला, झाडांच्या सालींचा आंतला गर यांवर लोक दिवस काढीत. सर्वांनाच पलीकडे जातां येई असें नव्हतें.

जूनच्या सहा तारखेच्या सुमारास ‘मांगजोंग’ हें पर्व येतें. जव कापावयाचा व भाताची लावणी करावयाची, तीहि एकदमच. आपल्याकडील मृग नक्षत्राचे हेच दिवस. पण मोठ्या पावसाचा काळ, ज्यास तेथें ‘जांगमा’ म्हणतात, मध्य कोरियांत सामान्यतः जूनच्या पंचविशीला लागतो. दक्षिणेकडील उबदार, दमट हवा व उत्तरेकडील थंड हवा यांची गांठ देशावर पडते, आणि ती सीमारेषा महिनाभर खालींवर सरकत राहते, तोच जांगमा. म्हणजे लावणीची तिथि आणि पावसाची तिथि यांमध्यें सुमारें तीन आठवड्यांचें अंतर पडतें. वर्षाचा पाऊस सुमारें १३०० मिलिमीटर, व त्यांतील निम्म्याहून अधिक जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत. आंकडा भरघोस दिसतो खरा. पण सारा संसार लटकलेला असतो तो त्या तीन आठवड्यांवर. पुढें ऑगस्टचा उकाडा, नंतर समुद्रावरील तुफानें, आणि त्यांतून वांचलें तें पीक निरभ्र शरदांत घरीं. शरद ऋतूचें वर्णन ‘आकाश उंच, घोडे पुष्ट’ असें करण्याचा तेथें प्रघात आहे. ऑक्टोबरअखेर दंव गोठतें, नोव्हेंबरमध्यें घरोघर कोबी व मुळे खारवून हिंवाळ्याचें किमची घालतात, आणि नदीवर पुन्हां बर्फ धरूं लागतें.

अशा देशावर १४१८ सालीं सेजोंग राजा गादीवर आला. त्याचा बाप तैजोंग १४२२ सालीं चांद्र पांचव्या महिन्याच्या दशमीस वारला. त्या वेळीं अवर्षण होतें, व ‘मी वर जाऊन पाऊस मागून आणतों’ अशा अर्थाचे शब्द बोलून त्यानें प्राण सोडला, अशी कथा आहे. लावणीच्या दिवसांत त्या तिथीस पाऊस आला, तर कोरियन लोक त्यास ‘तैजोंगचा पाऊस’ म्हणत. अवर्षण पडलें म्हणजे राजानें आपलें काहीं तरी चुकलें असें समजावें, ताटांतील पदार्थ कमी करावे, कैदी सोडावे व देवतांची प्रार्थना करावी, असा त्या राज्याचा धर्म होता. सेजोंगनें हे उपचार केलेच. पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. १४२९ सालीं त्यानें शेतीविषयीं एक ग्रंथ रचविला. चीनमधील पुस्तकें होतीं. परंतु भूमि व हवा ठिकठिकाणीं वेगळी, म्हणून निरनिराळ्या भागांतील अनुभवी वृद्ध शेतकऱ्यांस विचारून माहिती गोळा करण्याची आज्ञा अधिकाऱ्यांस देण्यांत आली होती. तालुक्याचें ज्ञान तालुक्यांतच आहे, हें मान्य करणारा राजा विरळा.

दुसरा प्रश्न शेतसाऱ्याचा होता. त्या वेळच्या पद्धतींत अधिकारी शेतावर येऊन पीक पाही व सारा ठरवी. त्यांत वशिला, लांच व जुलूम यांस वाव पुष्कळ. सेजोंगनें नवी पद्धत सुचविली, आणि १४३० सालीं तिच्याबद्दल अधिकाऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांचें मत विचारलें. अनुकूल ९८,६५७ व प्रतिकूल ७४,१४९, असा हिशेब दरबारीं दाखल झाला. बहुमत मिळूनहि राजानें घाई केली नाहीं. कारण सुपीक भागांतील लोक अनुकूल व डोंगराळ भागांतील लोक प्रतिकूल, असें त्यांत दिसून आलें. पुढें चौदा वर्षें वाटाघाट चालली. अखेर १४४४ सालीं जमिनीच्या सहा प्रती व वर्षाच्या नऊ प्रती ठरल्या. जमिनीचें सरकारी माप ‘ग्योल’. त्यावर उत्तम वर्षीं धान्याचीं वीस मापें, तर अगदीं वाईट वर्षीं केवळ चार, असा सारा बसावयाचा. वर्ष चांगलें कीं वाईट, हें सबंध देशाचें एकदम न ठरवितां स्थानपरत्वें ठरवावयाचें. म्हणजे तालुक्याचें पाऊसपाणी हा राज्याच्या न्यायाचा विषय झाला.

याच वर्षांत पर्जन्यमापक अस्तित्वांत आला. पूर्वीं पाऊस पडला कीं तालुक्याचा अधिकारी जमीन उकरून ओल किती खोल गेली तें पाही व वर कळवी. पण कोरड्या जमिनींत पाणी वेगळें मुरतें, आधींच ओल्या असलेल्या जमिनींत वेगळें. त्यामुळें हें माप भरंवशाचें नव्हे. १४४१ सालच्या वसंतांत अवर्षणानें चिंतावलेला युवराज, जो पुढें मुंजोंग या नांवानें राजा झाला, स्वतः प्रत्येक पावसानंतर माती उकरून पाहत असे. तें नीट जमेना, तेव्हां त्यानें तांब्याचें भांडें ओतवून घेतलें व राजवाड्यांत त्यांत सांचलेलें पाणी मोजण्यास आरंभ केला, असें राजवटीच्या बखरींत लिहिलें आहे. त्याच वर्षाच्या आठव्या महिन्यांत महसूल खात्यानें लोखंडी पात्राची योजना मांडली. खगोल खात्यानें वा यंत्रशाळेनें नव्हे, तर महसूल खात्यानें ती मांडावी, हेंच मोठें सूचक आहे. १४४२ च्या पांचव्या महिन्यांत पात्राचें माप कायम झालें व त्यास ‘चुगुगी’ म्हणजे पाऊस मोजण्याचें साधन हें नांव मिळालें. उंची दीड कोरियन फूट व व्यास त्याच फुटाचे सात दशांश. आजच्या मापानें सुमारें एकतीस व साडेचौदा सेंटिमीटर.

त्या वेळची आज्ञा मोठी रेखीव आहे. सुभ्यासुभ्यांत व तालुक्यातालुक्यांत असें पात्र कचेरीच्या आवारांत ठेवावें. तें लोखंडाचें नसेल तर भाजलेल्या मातीचेंहि चालेल. मोजणी तालुक्याच्या मुख्य अधिकाऱ्यानें, म्हणजे आपल्या भाषेंत मामलेदारानें, जातीनें करावी. पाऊस कोणत्या घटकेस लागला, केव्हां उघडला व खोली किती, हें लिहून वर पाठवावें व दप्तरींहि ठेवावें. मापाची सर्वांत लहान रेघ सुमारें दोन मिलिमीटरांची होती. आज्ञा सर्व तालुक्यांस होती. तेव्हां हान नदीकांठच्या यांगगुन व जीप्योंग येथील मामलेदारांसहि पावसांतून उठून अंगणांतील पात्रापाशीं जाणें आलेंच.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. पाऊस मोजण्याची कल्पना जगांत प्रथम कोरियांतच निघाली, असें म्हणतां येणार नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं एक हात तोंडाचें कुंड पर्जन्यमापनासाठीं ठेवावें असें सांगितलें आहे, व अश्मक, अवंती, अपरांत अशा प्रदेशांचें पर्जन्यमानहि दिलें आहे. अश्मक म्हणजे गोदावरीकांठचा मुलूख व अपरांत म्हणजे कोंकण; त्यांतील कोंकणाच्या पावसास ‘अमित’ असें विशेषण तेथें आहे, हें वाचून कोंकणवासीयांस गंमत वाटेल. कोरियाची थोरवी वेगळी आहे. एकाच मापाचें पात्र, एकच पट्टी, लिहिण्याची एकच रीत आणि सगळ्या तालुक्यांचें जाळें, हें त्या राज्यानें उभारलें. आणि यूरोपांत पर्जन्यमापक सतराव्या शतकांत येण्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें उभारलें.

तथापि राज्य पावसाकडे एका दृष्टीनें पाही व शेतकरी दुसऱ्या. भाताचें रोप आधीं वाफ्यांत वाढवून मग लावण्याची रीत मध्य कोरियांत त्या काळीं सरकारला नापसंत होती, व तिच्यावर बंदीचे हुकूम निघत. कारण उघड होतें: लावणीच्या वेळीं पाऊस नाहीं आला तर सगळेंच पीक बुडावयाचें, शेतांत थेट पेरलेलें बीं निदान कांहीं तरी देईल. पण लावणीनें खुरपणीचे श्रम पुष्कळ वांचतात, व दक्षिणेंत तर त्याच शेतांत हिंवाळी जवहि घेतां येतो. म्हणून हुकूम मोडून शेतकरी लावणीकडे वळत राहिला, व सतराव्या-अठराव्या शतकांत ती सर्वत्र रूढ झाली. तीन आठवड्यांच्या त्या अंतरावर त्यानें आपलें वर्ष पणास लाविलें. हा अविचार नव्हता. ज्याच्या घरांत हात कमी व तोंडें अधिक, त्याला धोका पत्करल्यावांचून गत्यंतर नसतें.

मोजणीची पद्धत मात्र टिकली नाहीं. १५९२ सालीं जपानी सैन्यानें कोरियावर स्वारी केली व सात वर्षें देश जळत राहिला. त्या धामधुमींत पात्रें गेलीं, दप्तरें गेलीं व मोजणारेहि गेले. वर्षाच्या नऊ प्रती ठरविण्याची पद्धत कागदावर सुंदर, पण चालविण्यास अवघड ठरली होती. अखेर १६३५ सालीं वर्ष कसेंहि असो, सारा चार मापांचाच, असा नियम झाला. मग १६७० व १६७१ ही दोन भयंकर वर्षें आलीं. वसंतांत अवर्षण, उन्हाळ्यांत गारा व दंव, नंतर महापूर, त्यांतच जनावरांची व माणसांची सांथ. आठहि सुभ्यांतून एकसारख्या दुःखाच्या वार्ता राजधानीस येत होत्या. लाखों माणसें मेलीं. ज्या राज्यानें एके काळीं पावसाचा थेंब न् थेंब मोजण्याचा पण केला होता, त्यास आतां प्रेतेंहि नीट मोजतां येईनात.

पुढें शंभर वर्षांनीं, १७७० सालीं, योंगजो राजानें सेजोंगच्या काळची नोंद वाचून पर्जन्यमापक पुन्हां करविले व ते राजवाड्यांत व सुभ्यांच्या मुख्य ठिकाणीं दगडी चौथऱ्यांवर बसविले. परंतु या वेळीं तालुक्यांस पात्रें मिळालीं नाहींत. तालुक्याचा मामलेदार पुन्हां जुन्याच रीतीनें ‘एक खुरपें ओल’, ‘एक नांगर ओल’ असें कळवी. शास्त्राच्या दृष्टीनें ही पिछेहाट खरीच. युवराजानें जो दोष दाखविला होता तो तसाच राहिला. तरी त्या भाषेंत एक शहाणपण होतें. पात्र सांगतें तें आकाशानें किती दिलें. खुरपें सांगतें तें जमिनीस किती मिळालें. शेतकऱ्यास दुसरेंच अधिक हवें असतें. दोन्ही मापें एकत्र असतीं, तर सोन्याहून पिंवळें झालें असतें.

राजधानींतील मोजणी मात्र या वेळीं टिकली. १७७० च्या सुमारापासून १९०७ पर्यंत सोल येथील पाऊस राजवाड्याच्या दैनंदिन दप्तरांत लिहिला गेला. जपानी हवामानशास्त्रज्ञ वादा युजी यांनीं या नोंदी गोळा करून १९१० च्या सुमारास त्या जगापुढें मांडल्या. १९०७ पासून अर्वाचीन वेधशाळेच्या नोंदी सुरू होतात. दोहोंस जोडलें म्हणजे सोलच्या पावसाची सुमारें अडीचशें वर्षांची मालिका हातीं येते. इतकी लांब मालिका जगांत फार थोड्या नगरांची आहे.

परंतु या मालिकेचा मधला भाग वाचतांना एक प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. पाऊस इतका नेमानें लिहिला जात होता, त्याच एकोणिसाव्या शतकांत खेड्यांची स्थिति कशी होती? याचें उत्तर यांगप्योंगच्या संगमासमोरच, पाण्याच्या पैलतीरावर जन्मलेल्या एका पुरुषानें दिलें आहे. त्याचें नांव जोंग याक-योंग. दासान या टोपणनांवानें तो प्रसिद्ध आहे. १७६२ सालीं तो जन्मला, दरबारांत चढला, व पुढें १८०१ पासून अठरा वर्षें हद्दपारींत राहिला. दक्षिणेंतील गांगजिन येथें असतां १८०९-१० चा दुष्काळ त्यानें डोळ्यांनीं पाहिला. १८१८ सालीं त्यानें मामलेदारांसाठीं एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा भाग, व प्रत्येकांत सहा प्रकरणें. कामावर रुजू होण्यापासून काम सोडण्यापर्यंत तालुक्याच्या अधिकाऱ्यानें कसें वागावें, तें त्यांत आहे. अकरावा भाग सगळा दुष्काळनिवारणाचा; आणि त्यांतील पहिलें प्रकरण धान्य वांटण्याचें नाहीं, तर आधींच साठा व तयारी करून ठेवण्याचें आहे. त्याच वर्षीं सुटका होऊन तो संगमावरील आपल्या गांवीं परतला व तेथेंच १८३६ सालीं वारला.

दासानचा रोख बरोबर होता. वसंतांत सरकारी कोठारांतून शेतकऱ्यास धान्य उसनें द्यावें व शरदांत थोड्या वाढीसह परत घ्यावें, अशी जुनी सोय होती. जवाची खिंड ओलांडण्यास तो आधार होता. पण एकोणिसाव्या शतकांत ती सोयच फांस झाली. नको असतां धान्य गळ्यांत बांधावें, त्यांत कोंडा मिसळावा, वसुली मात्र स्वच्छ धान्याची करावी. कोठें कोठें धान्य न देतांच कागदावर कर्ज मांडावें. १८६२ सालीं दक्षिणेंतील जिंजू तालुक्यांत लोक उठले व बंड पुष्कळ तालुक्यांत पसरलें. त्या वर्षींहि राजवाड्यांतील पर्जन्यमापक आपल्या चौथऱ्यावर उभा होता व लेखक पाऊस लिहीत होता. नोंद बिनचूक होती. नोंदीवरून करावयाचें कर्तव्य मात्र सुटलें होतें.

विसाव्या शतकानें खोऱ्याचें रूप पालटलें. १९२५ च्या जुलैंत हान नदीस आलेल्या महापुराची आठवण लोकांनीं दीर्घकाळ ठेविली. १९७३ सालीं संगमाच्या खालच्या अंगास पाल्दांग धरण पुरें झालें, नदीचें सरोवर बनलें, व तेंच पाणी राजधानीस पुरवूं लागलें. १९७२ पासून ‘तोंगिल’ नांवाचें भरघोस पिकणारें भात देशभर दिलें गेलें, व जवाची खिंड हा शब्द हळूहळू वृद्धांच्या बोलण्यांतच उरला. पण तोंगिल भातास थंडी सोसत नसे. १९८० चा उन्हाळा असाधारण थंड गेला, आणि देशाचें तांदुळाचें पीक मागील वर्षापेक्षां एक तृतीयांशाहून अधिक घटलें. त्याच्याच पाठीवर यांगप्योंगचा तो १९८१ च्या जानेवारीचा नीचांक आला. शंभर वर्षांपूर्वीं असें वर्ष आलें असतें, तर वसंतांत कित्येक गांवें ओस पडलीं असतीं. या वेळीं सरकारनें परदेशांतून तांदूळ आणविला, आणि लोक जगले. हवा बदलली नव्हती. हवेच्या आघातापुढें माणसास एकटें न सोडण्याची व्यवस्था तेवढी बदलली होती.

आणि हवाहि आतां जुन्या पंचांगाप्रमाणें वागेनाशी झाली आहे. २०१८ चा उष्मा वर सांगितलाच. २०२० सालीं मध्य कोरियांतील जांगमा एकूण ५४ दिवस चालला. नोंदी ठेवूं लागल्यापासून इतका लांब तो कधीं झाला नव्हता. हें नवें आहे असें कोरियन लोक खात्रीनें म्हणूं शकतात, तें त्यांच्याजवळ जुनें लिहून ठेवलेलें आहे म्हणूनच.

जोसोन काळांतील पर्जन्यमापकांपैकीं आज एकच शिल्लक आहे. १८३७ सालीं केलेला, गोंगजू येथील सुभ्याच्या कचेरींतला; तो जपानांत नेला गेला होता, १९७१ सालीं परत आला, व २०२० सालीं त्यास राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. एका नळकांड्याहून त्यांत अधिक कांहीं नाहीं. त्यानें कधीं एक थेंब पाडला नाहीं व एक थेंब थांबविला नाहीं. पाऊस मोजल्यानें पाऊस येत नाहीं. पण ‘आमच्याकडे पाऊस झाला नाहीं’ हें तालुक्यांतील गरिबाचें म्हणणें खरें कीं खोटें, याचा वाद त्यानें मिटतो. मोजणारा प्रामाणिक असला, तर गाऱ्हाणें खरें ठरतें; आणि गाऱ्हाणें ऐकणारा प्रामाणिक असला, तरच तें दूर होतें. सेजोंगला या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या होत्या. पुढील राज्यकर्त्यांनीं पहिली सांभाळली व दुसरी सोडली, हा त्या इतिहासाचा बोध आहे. ज्या ज्या देशांत पीक तिथीवर येतें, त्या त्या देशानें तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.